दर बरोबर, तपशील चुकला : जहाजावरील केबिनसाठी लावलेल्या बोलीचे एक प्रकरण

प्रवासी जहाजावर आधी घेतलेल्या केबिनपेक्षा वरच्या दर्जाची केबिन मिळावी म्हणून प्रवाशाने आपणहून रक्कम सुचवायची आणि कंपनीने ती वाटल्यास स्वीकारायची, ही पद्धत अमेरिकेतल्या क्रूझ कंपन्यांत आता चांगलीच रुळली आहे. रॉयल कॅरिबियन तिला 'रॉयलअप' म्हणते, नॉर्वेजियनकडे तिचे नाव 'अपग्रेड अ‍ॅडव्हान्टेज' आहे, तर सेलेब्रिटीकडे 'मूव्हअप'. नावे निराळी असली तरी यांतल्या काही योजनांच्या मागे माँट्रियलच्या 'प्लसग्रेड' या एकाच कंपनीची यंत्रणा आहे, आणि त्या कंपनीने आपला धंदा २००९ साली विमानांतल्या वरच्या वर्गाच्या रिकाम्या आसनांपासून सुरू केला होता. पुढे जे प्रकरण मांडले आहे ते यांपैकी कोणत्या कंपनीच्या जहाजावर घडले ते मुद्दाम लिहिलेले नाही, कारण जे घडले ते या पद्धतीत कुठेही घडू शकते.

मी स्वतः अशा जहाजावर कधी पाऊल ठेवलेले नाही. एका सार्वजनिक उपक्रमाच्या खरेदी विभागात २६ वर्षे निविदांची पाकिटे उघडण्यात आणि तुलनात्मक तक्ते तयार करण्यात गेली, एवढ्याच कारणाने माझ्या थोरल्या बहिणीने आणि दाजींनी या बोलीबद्दल मला पुण्यात फोन करून सल्ला विचारला. तो सल्ला मी दिला, तो पैशांच्या हिशोबाने बरोबर ठरला, आणि तरीही प्रवासाच्या दुसऱ्याच दिवशी ताईचा मेसेज आला की केलेली सगळी मांडणी मोडावी लागते आहे. असे का झाले ते मला माझ्यापुरते लिहून काढायचे होते. तेव्हा सल्लागाराची चूकही या नोंदीत आलेली आहे.

मूळ आरक्षण

ताई आणि दाजी सिअ‍ॅटलजवळ बेलव्ह्यू येथे राहतात. आई-अण्णा साताऱ्याहून उन्हाळ्यात त्यांच्याकडे जाणार होते, म्हणून दाजींनी आदल्या नोव्हेंबरातच ऑगस्टअखेरचा, सात रात्रींचा, सिअ‍ॅटलहून निघून अलास्काचा किनारा पाहून परत सिअ‍ॅटललाच येणारा प्रवास ठरवला. अण्णांचे वय ७६, त्यांना इन्सुलिन चालू आहे आणि रात्री कानातले यंत्र काढून ठेवले की त्यांना दारावरची थाप ऐकू येत नाही. आईला घाटात गाडी लागते, तेव्हा बोट लागणार हे सगळ्यांनी गृहीतच धरले होते.

या दोन्ही गोष्टी लक्षात घेऊन ताईने जहाजाचा नकाशा समोर ठेवून दोन केबिन निवडल्या. दोन्ही पाचव्या मजल्यावर, जहाजाच्या लांबीच्या बरोबर मध्यावर, एकमेकींना लागून आणि लिफ्टपासून चार दारांवर. जहाज लाटांवर पुढून-मागून डुलते तेव्हा मध्यभाग सर्वांत कमी हलतो आणि खालचे मजले वरच्यांपेक्षा स्थिर राहतात. सी-सॉच्या फळीवर मधोमध बसणाऱ्याला जसे कडेच्यापेक्षा कमी वरखाली व्हावे लागते, तसाच हा प्रकार आहे. सिअ‍ॅटलहून निघणारी बहुतेक जहाजे उत्तरेला जाताना व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या प्रशांत महासागरातून जातात, त्यामुळे पहिली रात्र आणि दुसरा दिवस हाच या मार्गाचा हलणारा भाग असतो. व्हँकूव्हर शहरातून निघणाऱ्या जहाजांना बेटांच्या आडोशाचा रस्ता मिळतो. तो फायदा येथे नव्हता.

दोन्ही केबिन खिडकीच्या होत्या, बाल्कनीच्या नव्हत्या. आरक्षणाच्या दिवशी खिडकीच्या केबिनचे भाडे माणशी १,०४० डॉलर आणि बाल्कनीच्या केबिनचे १,३९० डॉलर होते. माणशी ३५०, म्हणजे चौघांचे १,४०० डॉलर केवळ बाल्कनीसाठी मोजणे आईला पटले नाही. "काचेतून दिसतंय की सगळं," हे तिचे म्हणणे होते, आणि त्या वेळी विषय तिथेच मिटला.

पट्टी आणि काटा

भाड्याची शेवटची रक्कम भरून झाल्यावर, निघायला ७० दिवस उरलेले असताना दाजींना कंपनीची मेल आली. दोन्ही आरक्षणे स्वतंत्र होती, त्यामुळे मेलही दोन आल्या, या तपशिलाकडे त्या वेळी आमच्यापैकी कोणीच लक्ष दिले नाही. मेलमधल्या दुव्यावर गेले की वरच्या दर्जांची यादी येई आणि प्रत्येक दर्जाखाली एक आडवी पट्टी दिसे. पट्टीवरचे बटण बोटाने सरकवले की रक्कम बदले. बाल्कनीसाठी किमान ८० आणि कमाल ४२० डॉलर अशी मर्यादा होती. छोट्या स्वीटसाठी, म्हणजे बाल्कनीच्याही वरच्या दर्जाच्या प्रशस्त केबिनसाठी, ती १९० ते ९०० होती. पट्टीच्या वर अर्धवर्तुळाकार काटा होता, तो रकमेबरोबर लाल रंगाकडून हिरव्याकडे सरके आणि बोली कमकुवत आहे, बरी आहे, चांगली आहे की भक्कम आहे, ते सांगे.

दाजींनी पहिल्याच बैठकीत दोन्ही आरक्षणांवर बाल्कनीसाठी २४० डॉलरची बोली लावून टाकली, कारण तिथे काटा हिरव्यात शिरत होता. मग त्यांनी मला व्हिडिओ कॉल लावून पडदा दाखवला. मला पहिल्यांदा दिसली ती खालच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरांतली बेरीज : ४८०. दाजींच्या समजुतीने २४० डॉलर केबिनचे होते. प्रत्यक्षात बोली माणशी धरली जाते आणि केबिनमधल्या पहिल्या दोघांसाठी ती दुप्पट होते. काही कंपन्यांत तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाचे वेगळे घेत नाहीत, पण एकटा प्रवास करणाऱ्याला मात्र दोघांचेच पैसे पडतात. दोन केबिन धरून दाजींनी ९६० डॉलरची तयारी दाखवली होती आणि त्यांना ती ४८० वाटत होती. आमच्याकडे अशा चुकीला 'एककाची चूक' म्हणत. दर नगाचा की डझनाचा, हे न पाहता पाकीट बंद करणारे पुरवठादार दर वर्षी एखादा तरी सापडे.

काट्याबद्दल मला सुरुवातीपासून शंका होती. त्याच पानावर लिहिले होते की काट्याने दाखवलेले बळ म्हणजे मंजुरीची हमी नव्हे. तो काटा कशाच्या आधारावर फिरतो, बाल्कनीच्या किती केबिन शिल्लक आहेत, त्यांवर किती जणांनी बोली लावली आहे, यांपैकी काहीही त्या पानावर नव्हते. निविदेत निदान किती नग हवेत हे सूचनेतच छापलेले असते. लिलाव भिशीत तर समोरासमोर बसलेल्या माणसांचे चेहरे दिसतात, या महिन्यात कोणाला पैशाची निकड आहे हे साऱ्या गल्लीला ठाऊक असते, आणि घासाघीस त्या अंदाजावर चालते. येथे बोली लावणाऱ्याजवळ काट्याखेरीज दुसरा सोबती नाही, आणि तो काटा विकणाऱ्याच्या घरचा आहे.

कंपनीला यात काय मिळते

जहाज धक्क्यावरून सुटले की रिकाम्या केबिनची किंमत शून्य होते. उतरलेल्या भाजीसारखी ती दुसऱ्या दिवशी अर्ध्या भावानेही विकता येत नाही. पण भाव उघडपणे फार खाली आणले तर आधी पूर्ण पैसे भरलेले प्रवासी बिथरतात आणि पुढच्या वर्षी सगळेच शेवटच्या आठवड्याची वाट पाहू लागतात. बंद बोलीने ही अडचण सुटते. जाहीर भाव जागेवर राहतो, आणि ज्याने जेवढे देऊ केले तेवढे त्याच्याकडून गुपचूप घेता येते.

याशिवाय शिडीचा फायदा आहे, आणि माझ्या मते तोच मोठा आहे. खिडकीवाला बाल्कनीत गेला की खिडकीची केबिन मोकळी होते, तिच्यात आतल्या बिनखिडकीच्या केबिनमधला बोलीदार चढतो, आणि शेवटी सर्वांत स्वस्त केबिन रिकामी राहते, जी अखेरच्या दिवसांत विकणे सर्वांत सोपे असते. एका रिकाम्या बाल्कनीतून दोन बोल्यांचे पैसे आणि एक नवे भाडे निघते. या साखळीमुळेच कोणाची बोली कधी आणि का लागते हे बाहेरून ओळखता येत नाही, कारण एखादी बोली तिच्या रकमेवर लागते तशीच ती मागे कोणती केबिन मोकळी करते यावरही लागत असणार. त्यात जीवरक्षक नौकांच्या क्षमतेचे बंधन असते, केबिनमध्ये किती माणसांची सोय आहे हे पाहावे लागते. तिघांच्या कुटुंबाची मोठी बोली अडते आणि दोघांची लहान बोली लागते, असेही होऊ शकते.

पंचेचाळिसावा दिवस

माझ्या सल्ल्याचा मुख्य भाग एका वाक्यात येतो : बोली लावण्याआधी तीच वस्तू आज दुकानात केवढ्याला मिळते ते पाहा. सरकारी खरेदीत याला अंदाजपत्रकीय दर म्हणतात आणि तो पाकिटे उघडण्याआधी फाइलला लागलेला असावा लागतो. निघायला ४५ दिवस असताना मी दाजींना कंपनीच्या संकेतस्थळावर नवा प्रवासी असल्यासारखे आत जाऊन त्याच फेरीचे भाव बघायला सांगितले. खिडकीच्या केबिनचे भाडे माणशी १,०४९ झाले होते, बाल्कनीचे १,२२९. फरक १८० डॉलर.

म्हणजे दाजी दुकानात १८० ला मिळणाऱ्या वस्तूसाठी पाकिटात २४० घालून बसले होते. बोली मंजूर झाली असती तर केबिनमागे १२० डॉलर, दोन्ही मिळून २४० डॉलर, निव्वळ वाया गेले असते, आणि एकदा मंजूर झालेली बोली परत फिरत नाही. कार्डावरून रक्कम त्याच क्षणी जाते. मंजुरीपूर्वी मात्र ती कितीही वेळा बदलता किंवा मागे घेता येते. भाव ३५० वरून १८० वर उतरला होता तरी काटा २४० ला जिथे होता तिथेच होता, हेही मी दाजींच्या नजरेस आणून दिले.

दाजींनी त्यांच्या प्रवास एजंटला फोन केला. एजंटने सांगितले की शेवटचा हप्ता भरून झाला असला तरी आजच्या फरकाने, माणशी १८० भरून, दोन्ही आरक्षणे बाल्कनीत बदलून देता येतील, आणि शिल्लक असलेल्यांतून केबिन नकाशावर निवडताही येतील. दोन केबिनचे ७२० डॉलर. सहाव्या मजल्यावर मध्यभागी दोन लगतच्या केबिन त्या दिवशी मोकळ्या होत्या, हेही तो बोलून गेला.

या ठिकाणी दोन वाटा होत्या आणि आम्ही त्यांतली एकच नीट तपासली. दाजी म्हणाले की १८० हा वरचा कडा मानला तर त्याच्या खाली बोली लावून पाहायला हरकत काय? लागली तर तेवढे वाचले, नाही लागली तर खिडकीची केबिन आहेच. मला हा विचार निर्दोष वाटला. विल्यम व्हिक्री या अर्थतज्ज्ञाने १९६१ साली बंद पाकिटाच्या लिलावाची जी मांडणी केली, आणि ज्या कामासाठी त्यांना १९९६ चे नोबेल मिळाले, तिचा एक भाग हाच सांगतो की जिंकणाऱ्याला स्वतःचीच बोली भरावी लागत असेल तर शहाण्याने वस्तूची आपल्या लेखी जी किंमत असेल त्याच्या खालीच आकडा घालावा. आमच्या पुरवठादारांना हे कोणी शिकवावे लागत नसे. आम्ही दोघांनी मिळून १३० हा आकडा ठरवला. काटा 'बरी' वर आला. दोन्ही आरक्षणांवर १३० ची बोली लावली, एजंटला नको म्हणून कळवले, आणि मी स्वतःवर खूश होऊन फोन ठेवला.

निकाल

निघायला ११ दिवस असताना एक मेल आली : बोली मंजूर, २६० डॉलर कार्डावरून वसूल. ती ताई आणि दाजींच्या आरक्षणाची होती. आई-अण्णांच्या आरक्षणावर 'विचाराधीन' हाच शब्द कायम होता. नवी केबिन नवव्या मजल्यावर, जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाकडे, लिफ्टपासून लांब.

ताईने नकाशा उघडला आणि तिला जे दिसले ते मला २६ वर्षांच्या अनुभवातून दिसले नव्हते. तिने नोव्हेंबरात चार गोष्टी विकत घेतल्या होत्या : खालचा मजला, मध्यभाग, लिफ्टची जवळीक आणि दोन लगतची दारे. बोली मंजूर होताच त्या चारही गेल्या आणि बदल्यात बाल्कनी आली. बोली लावणाऱ्याला केबिनचा क्रमांक मागता येत नाही, जागा सांगता येत नाही. तो फक्त दर्जासाठी पैसे देऊ करतो आणि त्या दर्जातली कोणतीही केबिन पत्करतो. हे अटींत स्पष्ट लिहिलेले होते, दाजींनी ते वाचले होते, मीही वाचले होते. पण आम्ही ते 'कोणती मिळेल सांगता येत नाही' अशा अर्थाने वाचले, 'हातातली सोडावी लागेल' अशा अर्थाने नाही. खरेदीच्या भाषेत सांगायचे तर आम्ही दराचे पाकीट तीनदा तपासले आणि माल नेमका कसा आहे हे सांगणारे तांत्रिक पाकीट उघडलेच नाही. खरे तर या पद्धतीत तांत्रिक पाकीट नसतेच. पट्टी फक्त रक्कम विचारते.

दुसरी गोष्ट याहून मोठी होती. आमच्या लेखी दोन बाल्कनी मिळणे चांगले होते, दोन खिडक्या राहणे ठीक होते, पण एक बाल्कनी आणि एक खिडकी हे सर्वांत वाईट. जोडीने घेतली तरच किंमत असलेल्या दोन वस्तूंसाठी वेगवेगळी बोली लावली की एकच पदरात पडण्याची जोखीम येते, आणि लिलावाचा अभ्यास करणाऱ्यांना ती चांगली ठाऊक आहे. अमेरिकेत १९९४ साली दूरसंचाराच्या लहरींचे परवाने लिलावाने विकले गेले, तेव्हा शेजारशेजारच्या प्रदेशांचे परवाने एकत्र असले तर कंपन्यांना जास्त मोलाचे होते. म्हणून पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांनी सगळे परवाने एकाच वेळी, फेऱ्याफेऱ्यांनी आणि उघड आकड्यांनी विकण्याची रीत बसवण्यात मोठा हात लावला. पुढे गठ्ठ्याने बोली लावू देणाऱ्या रीतीही आल्या. या दोघांना २०२० चे नोबेल मिळाले. केबिनच्या बोलीत मात्र 'दोन्ही मिळाल्या तरच, नाहीतर एकही नको' असे म्हणायला जागा नाही. आरक्षणे एकमेकांना जोडलेली असली तरी निकाल प्रत्येकाचा निराळा लागतो.

दाजींनी कंपनीला फोन केला. मंजुरी रद्द होणार नाही, हे उत्तर अपेक्षितच होते. आई-अण्णांची केबिन फरक भरून बदलावी म्हटले तर त्या दिवशीचा फरक माणशी ३१० डॉलर झाला होता आणि मध्यभागातली एकही बाल्कनी शिल्लक नव्हती. त्यांची बोली निघायच्या दोन दिवस आधी नाकारली गेली, आणि तोपर्यंत ती तशीच ठेवावी की काढून घ्यावी यावर रोज वाद झाला. आम्ही ती ठेवली. आज विचार करता काढून घेणेच योग्य होते, कारण ती लागली असती तरी आई-अण्णा कोणत्या मजल्यावर, कोणत्या टोकाला गेले असते ते सांगता येत नव्हते, आणि चार मजले लांब असण्यापेक्षा चार मजले लांब आणि शिवाय हलत्या टोकाला असणे नक्कीच वाईट.

जहाजावर

पहिल्या रात्री बोट लागली ती आईला नव्हे, ताईला. नवव्या मजल्यावर पुढच्या टोकाला लाट आदळल्याचा आवाज पलंगाखालून येत होता आणि बाल्कनीचे दार खडखडत होते. खाली आई आल्याची वडी चघळत बऱ्यापैकी झोपली, पण मध्यरात्री तिलाही मळमळले आणि अण्णांना उठवावे तर यंत्र काढलेले. नोव्हेंबरातल्या मांडणीत अशा वेळी भिंतीवर दोनदा ठोठावले की ताई येणार होती. भिंतीपलीकडे आता दुसरेच कोणी झोपलेले होते. आईने फोन लावला, ताई भिंतीला धरून धरून खाली आली, आणि सकाळपर्यंत दोघी खालच्याच केबिनमध्ये राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दाजी सेवा कक्षात गेले. केबिन बदलून मिळाली नाही, पण दोन्ही केबिनची चावीची कार्डे चौघांनाही मिळाली; आणीबाणीत जमायची जागा मात्र ज्याच्या नावावर जी केबिन आहे तिच्याप्रमाणेच राहील, असे बजावण्यात आले. मग ताई खाली आईजवळ आली आणि अण्णा इन्सुलिनची पिशवी घेऊन वर जावयाच्या केबिनमध्ये गेले. ज्या दोघांनी खिडकी आणि बाल्कनी यांत बाल्कनीच निवडली होती त्यांतली एक बाल्कनी सोडून गेली, आणि ज्यांना तिचे काही सोयरसुतक नव्हते ते अण्णा तिच्यात राहायला आले.

अण्णांना ती आवडली, हे नोंदवले पाहिजे. पहाटे पाचला शाल गुंडाळून ते बाहेर खुर्ची टाकून बसत आणि जावयाला देवमासा दिसला की उठवत. दोघांचे आजवरचे बोलणे प्रकृती आणि पाऊसपाणी यांपुढे गेलेले नव्हते. या सात दिवसांत ते पुष्कळ पुढे गेले, असे ताई म्हणते. हा लाभ २६० डॉलरांत धरायचा की नाही, यावर माझ्या तक्त्यात रकाना नाही.

ज्या दिवसासाठी बाल्कनी हवी असे सगळ्यांना वाटत होते तो एंडिकॉट आर्मचा दिवस. सुमारे ५० किलोमीटर लांबीच्या या अरुंद खाडीच्या टोकाला डॉज हिमनदी समुद्रात उतरते. जहाज तिच्यासमोर थांबले आणि दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना दिसावी म्हणून जागच्या जागी सावकाश फिरले. चौघेही वरच्या बाल्कनीत दाटीवाटीने उभे होते, पण त्यांच्या वाट्याला हिमनदी यायला अर्ध्या फेरीची वाट पाहावी लागली, आणि तेवढ्यात आई कंटाळून उघड्या डेकवर गेली, जिथून ती सगळा वेळ दिसत होती आणि जिथे कोणाचीही बोली लागत नाही.

हिशोब

पैशांचा हिशोब सोपा आहे. आरक्षणाच्या दिवशी एका बाल्कनीसाठी ७०० डॉलर जादा पडले असते, पंचेचाळिसाव्या दिवशी ३६०, दाजींच्या पहिल्या बोलीने ४८० आणि प्रत्यक्षात २६० पडले. स्वीटमध्ये बढती मिळालेल्यांना रोजच्या सेवाशुल्काचा दरही वरचा लागतो. बाल्कनीला तसे काही नव्हते. अनेक योजनांत निष्ठावंत प्रवाशांचे गुण मूळ केबिनप्रमाणेच धरतात, पण दाजींना त्या गुणांशी कर्तव्य नव्हते. दराच्या बाजूने या प्रकरणात कुठेही बोट ठेवता येणार नाही.

माझी चूक पंचेचाळिसाव्या दिवसाची आहे. एजंट ७२० डॉलरला दोन लगतच्या, मध्यभागातल्या, लिफ्टजवळच्या बाल्कनी देत होता, म्हणजे तपशिलासह माल देत होता, आणि मी त्या ७२० ची तुलना तपशील नसलेल्या ५२० शी केली. दोन्ही बोल्या लागल्या असत्या तरी २०० डॉलर वाचले असते, आणि ते कशाच्या बदल्यात वाचणार होते हा प्रश्न मी विचारला नाही. जे जोडपे एकटे जाते, ज्याला बोट लागत नाही, ज्याने मुळातच कंपनी देईल ती केबिन घेतलेली असते, त्याने दुकानातल्या फरकाच्या बरेच खाली बोली लावून विसरून जावे, असे मी आजही सांगेन. त्याच्याजवळ गमावण्यासारखी जागाच नसते. नकाशा उघडून केबिन निवडणाऱ्याने मात्र आपण ती का निवडली हे कागदावर लिहावे आणि मग पट्टीला हात लावावा.

एक गोष्ट राहिली. शेवटच्या दिवशी केबिन आवरणाऱ्या मुलाने बोलता बोलता दाजींना सांगितले की त्यांच्या डावीकडची बाल्कनीची केबिन पूर्ण फेरीत रिकामी होती. आई-अण्णांची १३० ची बोली नाकारली गेली आणि अगदी शेजारची केबिन सात रात्री बंद राहिली. तिच्यात काही बिघाड असेल, नौकांच्या हिशोबात बसत नसेल, आजारी माणसासाठी राखून ठेवली असेल. तिन्ही शक्यता रास्त आहेत. आमच्या तुलनात्मक तक्त्याला शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना असे, आणि नाकारलेल्या प्रत्येक निविदेसमोर त्यात कारण लिहून खाली सही केल्याशिवाय फाइल पुढे सरकत नसे. दाजींनी ती नकाराची मेल मला पाठवली आहे. तिच्यात दोन ओळी आहेत; पहिलीत दिलगिरी आहे, आणि दुसरीत पुढच्या प्रवासाला शुभेच्छा.